ओढ की कळ

टक् असा आवाज झाला आणि तो कुठून आला हेच त्याला कळेना. गुडघ्यातून आला असेल, नाहीतर पाठीमागच्या भिंतीतून. डोळे मिटलेले होते. उजवं पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी नीट बसलं होतं आणि डावं पाऊल ओंजळीत धरून तो उजव्या मांडीवर चढवत होता. गेले चौदा महिने दर रविवारी तो त्यासाठीच झटत आला होता, आणि आज ते चढलं होतं, पहिल्यांदाच. टाच बेंबीखाली येऊन टेकली आणि टेकता टेकता तो आवाज झाला, खडू मोडल्यासारखा, बारीक आणि कोरडा. त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले की काहीतरी ठरवावं लागेल असं त्याला वाटलं. आजूबाजूला तेरा माणसं घडी घातलेल्या कांबळ्यांवर बसून श्वास घेत होती आणि सोडत होती, खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं चाक उगाच फिरवून पाहत होतं, वर दुसऱ्या मजल्यावर नळ चालू होता. तो ताईचा नळ. रविवारी नऊच्या सुमाराला ती भांडी विसळते, आणि दहाला तो वर गेला की चहा ठेवते. कुणी तो आवाज ऐकला असता तर कुणाचा तरी श्वास अडला असता. कुणाचा अडला नाही. त्याचा तेवढा अडला, आणि मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

चौपन्नाव्या वर्षी माणसाला पद्मासनाचं वेड का लागावं, असं ऑफिसात कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ऑफिसात तो सांगायचाच नाही. नाकासमोर चालणारा, डावा पाय जरासा फरफटत चालणारा माणूस, एवढीच तिथे त्याची ओळख. पण ताई एकसष्टाव्या वर्षीही जमिनीवर बूड टेकलं की दोन्ही पावलं सहज मांड्यांवर घेऊन बसते, तशीच बसून वाटाणे सोलते, पेपर वाचते, फोनवर तासभर बोलते. लहानपणी तोही बसायचा. नवव्या वर्षापर्यंत. दोघं समोरासमोर तसे बसायचे आणि हातांवर उचलून घेत जमिनीवरून पुढे सरकायची शर्यत लावायचे, आणि ताई मुद्दाम हरायची. नंतर डावा खुबा असा आखडला की साधी मांडी घालतानाही डावा गुडघा छातीच्या उंचीवर राहायचा. खाली या हॉलमध्ये वर्ग सुरू झाल्याचं ताईनंच त्याला सांगितलं होतं. जा रे, म्हणाली, जरा मोकळा होशील, आणि त्या निमित्तानं दर रविवारी वर येशील.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी हाडांच्या दवाखान्यात पेशंटांकडून व्यायाम करून घ्यायच्या. आवाज पातळ, पण मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला पद्मासन घालताना पाहिलं आणि मनगट धरून थांबवलं. "हा खुबा," त्याच्या कमरेखाली मूठ टेकवून त्या म्हणाल्या. "हा उखळीचा सांधा. चहूकडे फिरतो, त्याला वेळ दिलात तर. आणि हा गुडघा. ही बिजागरी. दाराला असते तशी. उघडते आणि मिटते, तिसरं काही तिला येत नाही. तुमचा खुबा फिरत नाहीये आणि तुम्ही पाऊल ओढून वर आणताय. मग उरलेलं फिरणं कुठून येणार? बिजागरीतून. त्या बिजागरीला दुकानात जोड मिळत नाही हो." मग तीन महिने त्यांनी त्याला बसूच दिलं नाही. उताणं झोपायचं, डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा, उजवी मांडी हळूहळू छातीकडे घ्यायची आणि श्वास सोडत पडून राहायचं. मग पाय दोन्ही हातांवर तान्ह्या पोरासारखा आडवा घेऊन झुलवायचा, तोही खुब्यापासून. मग अर्धं पद्मासन, बुडाखाली कांबळ्याची जाड घडी, अधांतरी राहिलेल्या गुडघ्याखाली लाकडी ठोकळा, पावलाची बोटं नडगीकडे ओढलेली, म्हणजे घोटा मुरगळत नाही. हातानं गुडघा दाबायचा नाही. तो आपोआप खाली येईल तेव्हा येईल. नाही आला तर नाही आला. "पाय तुमचा आहे," बाई म्हणायच्या, "सरकारी नाही." आणि रांगांमधून फिरताना प्रत्येकापाशी वाकून एकच विचारायच्या, ओढ की कळ?

ओढ म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, खोल, पसरट, श्वास सोडला की थोडी सैल होणारी. ओढ आली की तिथेच थांबायचं. कळ म्हणजे एका जागी, टोकदार, बहुतेकदा गुडघ्याच्या आतल्या बाजूला, श्वास सोडून तिला काही फरक पडत नाही. कळ आली की पाय खाली, त्याच क्षणी, मोठेपणा करायचा नाही. प्रत्येक जण खरं सांगायचा. एक निवृत्त पोस्टमन तर बाई जवळ यायच्या आधीच "कळ, कळ" म्हणून ओरडायचा आणि सगळे हसायचे. फक्त तो दर वेळी "ओढ" म्हणायचा. गेले दोन महिने गुडघ्याच्या आत एक टाचणी असल्यासारखं होत होतं. जिना उतरताना ती टोचायची, झोपेत कूस बदलली की टोचायची, आणि बाई वाकून विचारायच्या तेव्हा तो म्हणायचा, ओढ. त्याला खोटं बोलतोय असं वाटतही नव्हतं. तोंडातून तोच शब्द यायचा.

आणि भिंत. तो नेहमी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ देऊन बसायचा, कारण दुसऱ्या कुणाला तिथे बसू द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. त्या भिंतीच्या पलीकडे जिना होता, आणि जिन्याच्या बाजूनं भिंतीत एक तडा होता, खाली पहिल्या पायरीपासून सुरू होऊन मधल्या वळणापर्यंत चढत गेलेला. त्या तड्यावर एक काचेची पट्टी होती. ती त्यानेच लावलेली. ऑफिसात त्याला काचवाले म्हणायचे ते यासाठीच. जुन्या इमारतींचे तडे बघायचं त्याचं काम होतं. तड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचा एकेक गोळा थापायचा, त्यात वीतभर लांबीची पातळ काच आडवी बसवायची, शेजारी रंगानं तारीख घालायची आणि निघून यायचं. भिंत केसभर जरी हलली तरी प्लास्टर सोडत नाही, काच सोसत नाही, मोडते. मोडली की समजायचं, तडा जिवंत आहे, कागदावर 'धोकादायक' लिहायचं, आणि आठवडाभरात माणसं बाहेर. सत्तावीस वर्षांत त्याने शेकडो पट्ट्या लावल्या होत्या. लोक त्याला बघून घाबरायचे. दार उघडणाऱ्या बाया काचेची पेटी बघून आत जायच्या आणि नवऱ्याला पुढे पाठवायच्या. त्यांच्याशी गोड बोलायचं नाही आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही, हे तो हळूहळू शिकला होता. काच मोडली तर मोडली, त्यात त्याचं काय? इथे मात्र ती मोडली तेव्हा त्याने शेजारची तारीख दोनदा वाचली. ती तेराव्या दिवशी मोडली होती. ऑफिसातर्फे ती बघायला तोच येणार होता, त्यामुळे त्याच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. जिन्यात उभा राहून तो त्या दोन तुकड्यांकडे बघत होता आणि वरून ताईचा आवाज आला, "बारक्या, आलास का रे? जिन्यात काय करतोयस?"

ती इमारत त्याच्या यादीत आलीच कशाला, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पहिल्या मजल्यावर एका वकिलाची बंद कचेरी, दुसऱ्या मजल्याच्या एका अंगाला कुलूप, दुसऱ्या अंगाला ताई. इथेच ती लग्न होऊन आली, इथेच भाऊजी गेले, इथेच खिडकीच्या चौकटीवर तिने स्वतःच्या हातानं तीन वेळा रंग दिला. माझ्याकडे ये, असं तो एकदा म्हणाला होता, नुसतं चाचपून बघायला. "तुझ्या घरात मी पाहुणी," ती म्हणाली. "इथे मी आहे." आणि तड्याचं काय? "काही होत नाही रे. म्हातारी इमारत आहे, जरा बसतेय. माणूस बसत नाही का दमला की?" ती हसली तसा तोही हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, मोडलेली काच काढली आणि नवी लावली. फक्त प्लास्टरऐवजी न्हाणीघरातल्या फरशांच्या कडा भरायला मिळतो तो रबरी गोंद वापरला. तो गोंद ताणला जातो, पुन्हा आकसतो, काचेला काही कळू देत नाही. शेजारी तारीख जुनीच ठेवली. कागदावर लिहिलं, स्थिर. त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून दर रविवारी ती पट्टी अख्खीच्या अख्खी होती, आणि दर रविवारी तो तिला बघून सुटकेचा श्वास टाकत होता, ती मोडू शकत नाही हे माहीत असूनही. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला काही सुमारच नाही.

म्हणून आता डोळे मिटून तो मनातल्या मनात हिशेब लावत होता. आवाज काचेचा असता तर भिंत हलली हे नक्की कळलं असतं, पण काच मोडणारच नाही अशी तजवीज त्यानेच केलेली होती. म्हणजे गुडघा. गुडघाच. त्याने गुडघ्याकडे लक्ष नेलं. टाचणी होती. टाचणीच्या जागी आता खिळा होता असंही म्हणता आलं असतं. मग हा गुडघाच, देवाची कृपा, असं त्याला वाटून गेलं, आणि आपला गुडघा मोडला म्हणून आपण देवाचे आभार मानतोय हे लक्षात आल्यावर त्याला घाम फुटला. पाठीला भिंत लागत होती. ती नेहमीसारखी गार होती. तिच्यात काहीतरी बारीक सरसरत होतं, का त्याच्याच पाठीच्या स्नायूंत, हे कसं ओळखायचं? नऊ वर्षांचा असताना असाच तो अवघडून स्वतःच्या शरीराकडे कान लावून पडला होता, अकरा दिवस.

शाळेच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीवरून तो चालत होता आणि ताई त्याच्यावर लक्ष ठेवायची सोडून कोपऱ्यावर टायपिंगच्या क्लासातल्या मैत्रिणीशी बोलत होती. तो डाव्या अंगावर पडला. खुब्यात काहीतरी कट् झालं. ताई धावत आली, तिनं त्याला उठवून बसवलं, त्याचं नाक आपल्या ओढणीनं पुसलं, आणि मग तिचा चेहरा पांढरा झाला. ती सोळा वर्षांची होती. "बारक्या, ऐक. घरी कळ आहे म्हणालास तर डॉक्टर येणार, डॉक्टर आले की बाबा विचारणार ही कुठे होती, आणि मग माझा क्लास बंद. सगळंच बंद. तू ओढ बसलीय म्हण. नुसती ओढ. चालून दाखव बघू." तो चालला. त्या वेळी त्याला ती जगातली सगळ्यात चांगली मुलगी वाटायची, आणि आजही वाटत होती, त्यात खोट नव्हती. रोज दुपारी ती दार लावून त्याच्या खुब्याला तेल चोळायची, आपल्या वाटणीचं दूध त्याला द्यायची, आणि विचारायची, काही होत नाही ना? तो म्हणायचा, काही होत नाही. अकरा दिवसांनी तो शाळेत गेला. हाड आपलं आपण सांधलं, वाकडं. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोत डॉक्टरांना ते दिसलं आणि त्यांनी विचारलं, लहानपणी पडला होतात का? तो म्हणाला, आठवत नाही. ताई टायपिंगची परीक्षा पास झाली, नोकरीला लागली, त्याच्या शिक्षणाचा खर्च तिनंच केला. कळ म्हणाला असता तर यातलं काय झालं असतं, हे तो आयुष्यभर उलटसुलट करून बघत आला होता, आणि दर वेळी उत्तर येत होतं की त्याने केलं तेच बरोबर केलं.

त्याच्या तळहातावर काहीतरी पडलं. अगदी हलकं. आता त्याने डोळे उघडले. ओंजळीत चिमूटभर पांढरी भुकटी होती. त्याने वर पाहिलं नाही, भुकटीकडेच बघत राहिला. समोर बाई रांगांमधून येत होत्या. पोस्टमनपाशी वाकल्या, तो म्हणाला, "आज ओढ हं बाई, लिहून ठेवा," आणि दोघंतिघं हसले. त्या हसण्याचाही भिंतीला धक्का लागेल असं त्याला वाटलं. खाली पाय सुटत नव्हता. दोन्ही पावलं एकमेकांत अडकून बसली होती आणि डावा गुडघा बघता बघता भरत चालला होता, कापडाच्या आत तो ताठ होताना जाणवत होता. चौदा महिने ज्यासाठी खपलो ते आसन बसलं, आणि आता ते सोडत नाही. बाई त्याच्यापाशी आल्या, क्षणभर थांबल्या. "अरे वा," त्या हळूच म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून वाकल्या. "ओढ की कळ?"

ओढ, असं म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा. वर नळ अजून चालू होता. तो बंद होऊ नये, असं त्याला वाटलं, तो चालू आहे तोवर ती आहे.

"कळ," तो म्हणाला.

बाईंनी झटकन त्याचा घोटा धरला. "कधीपासून? आतल्या बाजूला ना? हलू नका, मी खुब्यातून फिरवून काढते. गुडघ्यात आहे ना?"

"भिंतीत," तो म्हणाला.

"काय?"

"बाई, भिंतीत कळ आहे. सगळ्यांना बाहेर काढा. मी इमारती तपासतो. ही मी खोटी लिहिलीय."

बाईंनी त्याच्या ओंजळीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. दवाखान्यात काढलेली वर्षं असतील ती. एका हातानं त्याची मांडी बाहेरच्या अंगाला वळवत त्यांनी दुसऱ्या हातानं पाऊल अलगद सोडवलं, आणि तेवढ्यात त्याच पातळ आवाजात म्हणाल्या, "सगळे उठा. चपला राहू द्या, कांबळी राहू द्या. बोलायचं नाही, पळायचं नाही, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं." पोस्टमनला विनोद सुचला असावा, पण त्याने तो गिळला. तेरा माणसं अनवाणी बाहेर पडली. बाई त्याला म्हणाल्या, "तुम्हाला चालता येणार नाही. वर मी जाते. वर बहीण आहे ना तुमची?"

"तुमच्या सांगण्यानं ती यायची नाही," तो म्हणाला. "तिचं एकच, काही होत नाही."

जिना चढायला त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. कठड्याला धरून उजवा पाय वर, मग डावा नुसता ओढत. मधल्या वळणावर तो पट्टीपाशी आला. काच अख्खी होती. एका टोकाचा गोंद ताणून ताणून भिंतीपासून सुटला होता आणि ती दुसऱ्या टोकाला लोंबत होती, स्वच्छ, बिनतड्याची, शेजारी त्याच्या अक्षरात जुनी तारीख. तिच्यामागे तड्यात आता त्याचं बोट सहज गेलं असतं. त्याने ते घातलं नाही.

दार वाजवल्यावर आतून आवाज आला, "आज लवकर सुटली वाटतं शाळा?" दार वीतभर उघडलं आणि अडलं. फटीत ताईचा अर्धा चेहरा, चष्म्याची एक काच. "जरा खांदा लाव रे. आठवडाभर असंच करतंय. दार बसलंय."

"दार नाही बसलं ताई. चौकट बसलीय."

"तेच ते."

"तेच ते नाही. घर बसतंय. आत्ताच्या आत्ता बाहेर यायचं."

"काही होत नाही रे, तू उगाच..." ती थांबली. "पाय का ओढतोयस तू?"

"कळ आहे," तो म्हणाला. मग दाराला कपाळ टेकून म्हणाला, "तेव्हाही कळच होती, ताई. ओढ नव्हती."

आत नळ वाहत होता. चष्म्याची काच हलली नाही. "माहीत होतं मला," ती म्हणाली. "तू झोपेत कण्हायचास. मी उशी तुझ्या तोंडापाशी सरकवायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून." मग तिनं भिंतीवर हात फिरवल्याचा आवाज आला. "ही पण कण्हते रे. आठ दिवस झाले. तुला सांगितलं तर तू ते कागदावर लिहिशील म्हणून बोलले नाही."

"मी लिहिलंच नसतं," तो म्हणाला. "अकरा महिने लिहिलं नाही."

त्याने खांदा लावला, पण डाव्या पायावर भार आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दार तसूभर हललं नाही. मग त्याला बाईंची बिजागरी आठवली. दार आत उघडणारं होतं, बिजागऱ्या ताईच्या बाजूला होत्या. "हातोडी आहे का घरात?"

"आहे. यांची."

"बिजागरीत उभी कांडी असते. खालून वर ठोक. आधी खालची, मग मधली, वरची शेवटी. हळू ठोक. पण थांबू नकोस."

ती ठोकू लागली. प्रत्येक ठोक्याला चौकटीच्या डोक्यावरून पांढरं पीठ गळत होतं, त्याच्या केसांवर, तिच्या फटीतल्या चष्म्यावर. दर ठोक्याआधी तो श्वास धरायचा आणि ठोक्यानंतर भिंतीकडे कान लावायचा. आजवर हजार घरांतून माणसं बाहेर काढताना त्याला जे कधी वाटलं नव्हतं ते सगळं आता एकदम वाटत होतं, आणि त्याला लाज वाटली. खालची कांडी निघून जमिनीवर पडली. मधली निघाली. वरची गंजलेली होती, निघेना. ताईला हात पोचत नव्हता, तिनं स्टूल आणलं, त्यावर चढली, आणि तो फटीतून फक्त तिची पावलं बघत राहिला, म्हातारी, भेगा पडलेली, पण अजून सरळ. शेवटची कांडी निघाली आणि दार त्याच्या अंगावर रेललं. त्याने ते कसंबसं भिंतीला टेकवलं. ताई उंबऱ्यात आली आणि परत वळली.

"ताई!"

"नळ चालू राहिलाय."

तो ओरडला, पण ती गेली. आतल्या फरशीवरून तिची पावलं स्वयंपाकघरात गेली. नळ बंद झाला. इमारतीत इतकी शांतता झाली की त्याला स्वतःच्या गुडघ्यातली धडधड ऐकू आली. मग पावलं परत आली, पदराला हात पुसत ती बाहेर पडली, आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"माझ्या अंगावर भार टाक," ती म्हणाली.

"तुला पेलणार नाही."

"तेव्हा टाकू दिला नाही. चालून दाखव म्हणाले. आता टाक. आणि दुखलं की सांग."

त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला, मग हळूहळू भारही टाकला. ती वाकली, पण उभी राहिली. ते उतरू लागले. पहिल्या पायरीवर तो म्हणाला, दुखतंय. दुसऱ्या पायरीवर म्हणाला, दुखतंय. ती प्रत्येक वेळी "हं" म्हणत होती आणि पुढची पायरी पायानं चाचपत होती. चौपन्न वर्षांचा बाप्या पायरीगणिक दुखतंय दुखतंय म्हणत होता, त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट प्रत्येक वेळी तो शब्द अधिक सोपा होत चालला होता. मधल्या वळणावर तिला धाप लागली म्हणून ते थांबले. लोंबणाऱ्या काचेसमोर दोघं उभे होते. तिनं काच पाहिली, तारीख वाचली, आणि त्याच्याकडे पाहिलं. खालून दारातून उजेड आत आला होता आणि रस्त्यापलीकडून बाई त्याला हाका मारत होत्या.

टक् असा आवाज झाला.

दोघंही उभेच होते. त्याचा गुडघा हललाही नव्हता. 'काही होत नाही' म्हणायला ताईचे ओठ सवयीनं उघडले आणि मिटले. तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"दुखेल," ती म्हणाली. "चल."